'आता काही करता येणार नाही' असं सांगितल्यावर करायची कामं

आईच्या डॉक्टरांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "आता आपल्या हातात काही राहिलेलं नाही. घरी न्या." ते ऐकून मी तीन दिवस सुन्न होते. चौथ्या रात्री आईला दुखायला लागलं आणि लख्ख कळलं, की हातात पुष्कळ काही आहे. दुखणं थांबवायचं आहे. तोंडाला कोरड पडते ती घालवायची आहे. पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत. तिच्या मनात काय आहे ते विचारायचं आहे. आजार बरा करायचं काम संपलं होतं, माणसाला सांभाळायचं काम तेव्हा कुठे सुरू होत होतं. पुढचे अकरा आठवडे ते आम्ही घरी केलं, बऱ्याच चुका करत. नंतर स्वयंसेवक म्हणून अशा अनेक घरांत गेले. तेव्हा दिसलं, की आम्ही केलेल्या चुकाच सगळीकडे होतात आणि त्यातल्या बहुतेक आधी माहिती असती तर टळल्या असत्या. म्हणून हे लिहिते आहे. औषधांचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

पॅलिएटिव्ह केअर लवकर मागा

आजाराचा त्रास कमी करून माणसाला आराम देणारी ही देखभाल. मराठीत हिला उपशामक सेवा म्हणतात. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचं शुश्रूषागृह) सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी या सेवेला आजचं रूप दिलं. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. त्यामुळे वेदना त्यांनी तिन्ही बाजूंनी पाहिली होती. 'संपूर्ण वेदना' ही कल्पना त्यांचीच: माणसाचं शरीर दुखतं, तसंच मन दुखतं, घराची चिंता दुखते आणि 'माझ्याच वाट्याला का' हा प्रश्नही दुखतो. यातलं एकच धरून औषध दिलं तर दुखणं पुरतं जात नाही.

ही सेवा अगदी शेवटच्या आठवड्यात घ्यायची असते, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांवर बोस्टनमध्ये झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निदानानंतर लगेच, नेहमीच्या उपचारांच्या जोडीने ज्यांना ही सेवा मिळाली, त्यांचं नैराश्य कमी होतं, शेवटी त्यांच्यावर त्रासदायक उपचारही कमी झाले. तरी ते सरासरी जास्त जगले, ८.९ महिन्यांच्या जागी ११.६ महिने. आणि तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज असते आणि ती मिळते जेमतेम १४ टक्के लोकांना. म्हणून कुणी सुचवेल याची वाट पाहू नका. सरळ विचारा: "डॉक्टर, उपचार चालू असतानाच आम्हाला पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना भेटायचं आहे. कुणाकडे जाऊ?"

किती दिवस, हे कसं विचारायचं

नेमकी तारीख कुणीच सांगू शकत नाही, पण अंदाज बांधता येतो. अनुभवी डॉक्टर-नर्स एक ठोकताळा वापरतात. बदल महिन्यामहिन्याला दिसत असेल तर हाताशी काही महिने आहेत, आठवड्याआठवड्याला दिसत असेल तर काही आठवडे, आणि रोज सकाळी माणूस कालच्यापेक्षा खालावलेला दिसत असेल तर मोजके दिवस. डॉक्टर आकडा सांगायला तयार नसतील तर प्रश्न फिरवून विचारा: "हे वर्षभरात गेले, तर तुम्हाला आश्चर्य वाटेल का?" उत्तर त्यांच्या चेहऱ्यावरही दिसतं.

मग रुग्णाशी बोलायचं. त्याला सांगायचं की नाही, यावर घराघरात भांडणं होतात. मी पाहिलं आहे ते असं, की बहुतेकांना आधीच कळलेलं असतं. घरचे लपवतात, रुग्णही न कळल्याचं दाखवतो, आणि दोघंही एकटे पडतात. सगळं एका दमात सांगायची गरज नसते. "आजाराबद्दल तुला किती जाणून घ्यायचं आहे?" एवढं विचारा आणि त्याचं उत्तर पाळा. कुणी म्हणेल, "मला नको सांगूस, तुझ्या भावाशी बोल." तो त्याचा हक्क आहे. आईला मी विचारलं होतं, "तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" मला वाटलं मरणाची म्हणेल. ती म्हणाली, "रात्री गुदमरायला झालं आणि तू झोपलेली असलीस तर?" त्या रात्रीपासून मी तिच्या खोलीत झोपू लागले. एक मोठी भीती गादी उचलून नेण्याइतक्या साध्या गोष्टीने गेली.

याच दिवसांत तीन गोष्टी ठरवून लिहून ठेवा. शेवट कुठे हवा, घरी की रुग्णालयात? बोलता येईनासं झालं तर त्याच्या वतीने निर्णय कोण घेणार? आणि हृदय बंद पडलं तर छाती दाबून ते सुरू करायचा प्रयत्न करायचा का, व्हेंटिलेटर लावायचा का? तिसरा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, पण तो न विचारल्याची किंमत रुग्ण मोजतो. बऱ्या न होणाऱ्या आजाराच्या शेवटच्या टप्प्यात छाती दाबून माणूस परत येण्याची शक्यता अगदी थोडी असते. फासळ्या मात्र मोडतात आणि जवळच्यांना खोलीबाहेर काढलं जातं. 'नको' असं ठरलं तर त्याचा अर्थ दुखण्यावरचे, दमावरचे उपचार बंद, असा होत नाही. ते चालूच राहतात. अशा इच्छापत्राचे कायदे प्रत्येक देशात निराळे आहेत. कागद कसा करायचा ते डॉक्टरांना आणि वकिलाला विचारून, रुग्ण शुद्धीवर असतानाच करून घ्या.

वही आणि रात्रीचा नंबर

एक वही घाला. औषधाचं नाव, वेळ, कुणी दिलं, दुखणं दहापैकी किती, शौचाला झालं का, लघवी किती वेळा. रात्री दोन वाजता बदली माणूस उठतो तेव्हा त्याला 'मघाशी गोळी दिली का' हे झोपलेल्याला उठवून विचारावं लागू नये. वहीच्या पहिल्या पानावर रात्री कुणाला फोन करायचा तो नंबर मोठ्या अक्षरात लिहा. दिवसाचे नंबर सगळे देतात. रात्रीचा मागून घ्यावा लागतो. डॉक्टरांशी बोलणारं घरातलं माणूस एकच असावं, बाकीच्यांना त्याने सांगावं.

पलंग भिंतीपासून थोडा सुटा ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो. बेल किंवा वाजेल असं काहीतरी रुग्णाच्या हाताशी हवं. खोलीबद्दल याहून जास्त काही सांगायचं नाही.

दुखणं: इथे तडजोड करू नका

कर्करोगाच्या वेदनांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली सांगितलेली पद्धत आजही पायाभूत आहे: शक्यतो तोंडाने, आणि घड्याळाप्रमाणे. दुखेल तेव्हा गोळी, हा हिशेब इथे चुकतो. दुखणं एकदा डोक्यावर चढलं की ते उतरवायला जास्त औषध लागतं. साधं मॉर्फिन (तीव्र वेदनेवरचं औषध) तोंडाने दिलं की साधारण अर्ध्या तासात काम सुरू करतं आणि चारेक तास टिकतं, म्हणून दर चार तासांनी. मधेच कळ आली तर देण्यासाठी जादाचा छोटा डोस लिहून मागा आणि तो किती वेळा द्यावा लागला ते वहीत लिहा. त्यावरूनच डॉक्टर मूळ डोस वाढवतात. अंघोळ घालण्यापूर्वी, कूस बदलण्यापूर्वी अर्धा तास हा डोस दिला तर ती हालचाल सुसह्य होते.

मॉर्फिनचं नाव काढलं की घरात दोन भीत्या उठतात: सवय लागेल आणि जीव लवकर जाईल. वेदनेसाठी, देखरेखीखाली, हळूहळू वाढवत दिलेलं मॉर्फिन मरण ओढून आणत नाही. सवयीची चिंता या टप्प्यावर निरर्थक आहे. सुरुवातीचे दोन-तीन दिवस झोप येते, कधी मळमळतं. मग शरीर जुळवून घेतं. सारखी गाढ झोप, उठवूनही न उठणं, हातापायांना झटके, श्वास फार संथ होणं, असं काही दिसलं तर लगेच फोन करा. मूत्रपिंड कमजोर असेल तर औषध अंगात साठतं, हे लक्षात असू द्या.

आणि आमच्याकडून झालेली चूक. मॉर्फिन सुरू झालं तेव्हा पोट साफ राहण्याचं औषध कुणी लिहून दिलं नाही, आम्हीही विचारलं नाही. सहाव्या दिवशी आई पोटदुखीने तळमळत होती आणि आम्ही आजार वाढला म्हणून रडत होतो. तो आजार नव्हता, मळ खडा होऊन अडकला होता. बाकीची झोप, मळमळ कमी होते, बद्धकोष्ठता कधीच आपोआप जात नाही. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच रेचक सुरू व्हायला हवं. औषधाच्या कागदावर ते नसेल तर उठण्याआधी मागा.

वेदनाशामक औषध त्वचेतून देणारी चिकटपट्टी लावली असेल तर तिचा परिणाम यायला १२ ते २४ तास लागतात, हे माहीत ठेवा. तोवर आधीचं औषध कसं चालू ठेवायचं ते विचारून घ्या. पट्टीवर गरम पिशवी ठेवू नका, उष्णतेने औषध भसकन अंगात जातं. काढलेली पट्टी चिकट बाजू आत दुमडून, मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाका.

बोलता न येणाऱ्या माणसाचं दुखणं चेहऱ्यावर वाचावं लागतं: कपाळाला आठी, कण्हणं, मूठ आवळणं, कूस बदलताना आखडणं. असं दिसलं की दुखतंय असंच धरा.

दम लागणं आणि तगमग

धाप लागलेल्या माणसाला आडवं ठेवू नका. पाठीशी उशा लावून बसतं करा, किंवा समोर टेबलावर उशी ठेवून पुढे रेलू द्या. खिडकी उघडा. हातातला छोटा पंखा गालांवर आणि नाकाजवळ धरा. चेहऱ्यावरच्या गार वाऱ्याने धाप कमी झाल्यासारखी वाटते, आणि हे अभ्यासांतही दिसलं आहे. ऑक्सिजनचा उपयोग रक्तातला ऑक्सिजन कमी असेल तरच होतो. मॉर्फिनचा छोटा डोस गुदमरल्याची भावना कमी करतो, त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. आणि तुम्ही शांत बसा. धाप लागलेला माणूस समोरच्याचा श्वास पाहत असतो.

अचानक बडबड, कपडे ओढणं, उठून बसायची धडपड सुरू झाली तर आधी शरीर तपासा: लघवी तुंबली आहे का, शौचाला किती दिवस झालं नाही, ताप आहे का, अंगाखाली काही रुतत आहे का. निम्मी कारणं इथेच सापडतात. मग डॉक्टरांना फोन.

पाठ आणि तोंड

दर दोन तासांनी कूस बदलायची, हा पाया. पूर्ण कुशीवर न ठेवता पाठीमागे उशी देऊन थोडं कलतं ठेवा. टाचा उशीवर, पण गादीपासून अधांतरी. माकडहाड, खुबे, टाचा, कोपर रोज पाहा. लाल झालेली जागा दाबूनही पांढरी होत नसेल तर जखमेची सुरुवात झाली असं समजा. तिथे चोळू नका. माणसाला ओढून सरकवू नका, अंगाखाली घातलेल्या दुमडलेल्या चादरीने दोघांनी उचलून सरकवा. हवेची गादी मिळाली तर उत्तम, पण ती आली म्हणून कूस बदलणं थांबत नाही. अगदी शेवटच्या दिवसांत मात्र हलवताना त्रास होत असेल तर कमी वेळा बदला. तेव्हा आराम मोठा.

तोंड दर दोन तासांनी ओलसर मऊ फडक्याने किंवा स्पंजने पुसा, ओठांना मलम लावा. कवळी सैल झाली असेल तर काढून ठेवा. जिभेवर पांढरा थर दिसला तर डॉक्टरांना सांगा, बुरशीवर औषध आहे. वीस वर्षांचं माझं एक भाचरू आजीचं तोंड पुसायला शिकलं आणि त्या कामात इतकं रमलं, की दुसऱ्या कुणाला करू देईना. असं हाताला लागणारं काम प्रत्येकाला द्या.

"काहीच खात नाही"

घरच्यांना सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट ही. आपल्याकडे जेवण म्हणजे माया, त्यामुळे ताट परत गेलं की हरल्यासारखं वाटतं. पण शरीर बंद होत जाताना भूक आधी जाते. अन्न पचवायची ताकद उरलेली नसते. उपाशी राहिल्याने जीव जात नसतो, जीव निघत असतो म्हणून भूक जाते. आग्रहाने भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, उलटी होते, आणि रुग्णाला वाटतं आपण सगळ्यांना दुखावतो आहोत.

जे मागेल ते, जेवढं मागेल तेवढं, बसतं करून. दोन घोट, बर्फाचा खडा, इतकं पुरतं. शेवटच्या दिवसांतली तहान बहुतेकदा तोंडाच्या कोरडेपणाची असते आणि ती तोंड ओलं केल्याने भागते. सलाइनचं पाणी थकलेल्या शरीराला पेलत नाही. ते पायांत, फुप्फुसांत साचतं, घशातला स्राव वाढतो. प्रत्येक वेळी नको असं म्हणत नाही, पण 'याने रुग्णाला आराम मिळेल की आपल्याला?' असं विचारून मग ठरवा. नाकातल्या नळीचंही तेच. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, ठसका लागून होणारा न्यूमोनियाही टळत नाही.

गोळ्यांची पिशवीही याच वेळी डॉक्टरांपुढे रिकामी करा. कोलेस्टेरॉलची, जीवनसत्त्वांची, वर्षानुवर्षं चालत आलेली कितीतरी औषधं आता थांबवता येतात.

सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार

एकच माणूस सगळं करतो, आणि बहुतेक वेळा ती घरातली एक बाई असते. पाळ्या लावा, कागदावर लिहून. रात्रीची पाळी केलेल्याला सकाळी झोप मिळालीच पाहिजे. मदत विचारणाऱ्याला "सांगेन हं" म्हणू नका, लगेच काम द्या: गुरुवारी दुपारी दोन तास बस, औषधं आणून दे. "आता सुटावेत" असा विचार मनात येतो आणि मग स्वतःचीच किळस येते. तो विचार जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येतो. तो थकव्याचा विचार असतो, आटलेल्या मायेचा नाही.

लांबून आलेला नातेवाईक उंबऱ्यातच म्हणतो, "आयसीयूत का नाही नेलं?" त्याच्याशी वाद घालू नका. त्याने मधले महिने पाहिलेले नसतात आणि तिथे नसल्याची बोच त्याला आत खात असते. त्याला वही वाचायला द्या, रुग्णाने स्वतः काय सांगितलं होतं ते दाखवा आणि एक रात्र उशाशी बसू द्या.

मुलांना खरं सांगा, सोप्या शब्दांत. "आजोबा फार आजारी आहेत. डॉक्टर खूप प्रयत्न करत आहेत, पण ते बरे होणार नाहीत. ते मरणार आहेत." 'झोपणार आहेत' किंवा 'लांब जाणार आहेत' म्हणू नका, लहान मूल मग झोपायला घाबरतं किंवा वाट पाहत राहतं. ते आपल्यामुळे झालेलं नाही, हे मात्र आवर्जून सांगा. मुलं तसं मनात धरून बसतात.

शेवटचे दिवस कसे ओळखायचे

झोप वाढते, जागं असण्याचा वेळ मिनिटांवर येतो. गिळणं थांबतं. म्हणून त्याआधीच डॉक्टरांकडून औषधं जिभेखालून, गुदद्वारातून किंवा त्वचेखालच्या बारीक सुईने देण्याची सोय करून ठेवा. लघवी कमी आणि गडद होते. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर, तळपायांवर निळसर जाळी उमटते. कधी मधेच एखादा दिवस माणूस टवटवीत होतो, नीट बोलतो. विझण्याआधी दिवा मोठा होतो म्हणतात, ते हेच. उपचार फळले असं समजून धावपळ करू नका, तो दिवस जवळ बसून घालवा.

मग श्वास बदलतो. काही जलद श्वास, मग मोठी विश्रांती, पुन्हा श्वास. जुनी माणसं 'ऊर्ध्व लागला' म्हणतात. घरघर लागते. घशात साचलेला स्राव माणूस गिळू शकत नाही, त्याचा तो आवाज असतो. ऐकणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं, पण तोवर रुग्ण बहुधा खोल बेशुद्धीत असतो, त्याला त्याचा त्रास होत नसतो. कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच करा. नळी घालून घसा उपसत बसू नका, त्याने स्राव वाढतो. स्राव कमी करणारं औषध असतं, ते लवकर सुरू केलं तरच उपयोगी पडतं.

बोलत राहा. व्हँकुव्हरमधल्या संशोधकांनी २०२० साली मेंदूच्या लहरी मोजल्या, तेव्हा मृत्यूपूर्वीच्या काही तासांत प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांच्या मेंदूतही आवाजाची नोंद होत होती. अर्थ कळत होता का, हे त्यातून ठरत नाही. तरी उशाशी इस्टेटीचे वाद नकोत. "मी इथे आहे. आमची काळजी करू नकोस," हे म्हणा.

पुष्कळ माणसं नेमकी जवळचे पाणी प्यायला उठतात तेव्हा जातात. माझी आईही तशीच गेली. मी चार मिनिटं बाहेर होते आणि ती चार मिनिटं मी कित्येक महिने उगाळली. तुमच्या बाबतीत असं झालं तर एवढं लक्षात ठेवा, की तुम्ही आठवडेच्या आठवडे जवळ होतात.

त्यानंतर

श्वास थांबल्यावर लगेच काही करायचं नसतं. अपेक्षित मृत्यू असेल तर घाईने अँब्युलन्स बोलावू नका. ती आली की छाती दाबणं सुरू होऊ शकतं. वेळ लिहून ठेवा, ज्या डॉक्टरांशी आधी ठरलं आहे त्यांना फोन करा. मृत्यूचा दाखला तेच देतील. हे बोलणं जिवंतपणीच झालेलं असावं. डोळे, तोंड मिटवा, हातपाय सरळ करा. जवळ बसायचं असेल तर बसा.

उरलेलं मॉर्फिन आणि पट्ट्या मोजून परत करा. औषधं घरात ठेवू नका, विशेषतः घर दुःखात असताना.

पहिले दोन आठवडे माणसांचा राबता असतो. सगळ्यात कठीण काळ त्यानंतर येतो, फोन थांबतात तेव्हा. ज्याने शुश्रूषा केली त्याचा दिवस रिकामा पडतो, रात्री दोनला गोळीच्या वेळी जाग येते आणि उठायचं कारण नसतं. तुम्ही त्या घराचे स्नेही असाल तर कॅलेंडरवर सहाव्या आठवड्याची खूण करा आणि त्या दिवशी जा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. बहुतेकांचं दुःख हळूहळू सैल होतं. सहा महिने उलटूनही माणूस तिथेच अडकलेला असेल, रोजचं काम जमत नसेल, मृत्यू खरा वाटत नसेल, तर त्याला मानसोपचार तज्ज्ञांकडे न्या. जगण्यात अर्थ उरला नाही असं तो म्हणू लागला, तर सहा महिने थांबू नका. त्याच दिवशी न्या आणि त्या रात्री त्याला एकटं सोडू नका.